एक्स-रेवाल्या नलूताई

नलूताईंना फोटोग्राफीतलं काही कळत नाही, असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत होतो. सांगताना माझा आवाज चढतो, हे माझ्या बायकोनं, मीनलनं, एकदा लक्षात आणून दिलं. "त्यांना काही कळत नाही ना? मग तू कशाला एवढा तापतोस?" मी लेन्स पुसत बसलो.

लालबागला एका ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर दर रविवारी सकाळी आमचं छायाचित्र मंडळ भरतं. वीस-पंचवीस माणसं, लाकडी बाकं, एक प्रोजेक्टर आणि खालच्या हॉटेलातून येणारा चहा. अध्यक्ष करंदीकर सर. गिरगावातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सभेची पहिली दहा मिनिटं माझी असायची. त्या आठवड्यात कुठला नवा कॅमेरा आला, कुठल्या लेन्सची काच सुधारली, कुठल्या कॅमेऱ्याला नवं सॉफ्टवेअर मिळालं, ते मी सांगायचो. एरवी मी विमा कंपनीतला एक साधा अधिकारी. पण त्या दहा मिनिटांत लोक वह्या उघडून बसायचे, आणि ते मला फार आवडायचं.

नलूताई आल्या त्या अशाच एका रविवारी. बुटक्या, साठी ओलांडलेल्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. शेवटच्या बाकावर बसल्या. मी त्या दिवशी एका नव्या कॅमेऱ्याबद्दल सांगत होतो. हा कॅमेरा गर्दीतसुद्धा माणसाचा डोळा आपोआप शोधतो आणि त्यावरचा फोकस सोडत नाही. बोलून झाल्यावर नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही शंका?

"डोळा मिटलेला असला तर?" मागून आवाज आला.

लोक हसले. मी म्हणालो, "मिटलेल्या डोळ्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही, मॅडम."

"का बरं? माणसं मिटतात की डोळे."

थट्टा नव्हती त्यात, आणि तेच जास्त लागलं. त्या खरंच विचारत होत्या. घरी जाऊन मी त्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका चाळली. मिटलेल्या डोळ्यांबद्दल एक ओळही सापडली नाही.

त्यांचा स्वतःचा कॅमेरा म्हणजे मुठीत मावणारी एक चांदी रंगाची डबी. भाच्यानं आखातातून कधीकाळी आणलेली. बॅटरीचं झाकण तुटलेलं, ते जखमेला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीनं बसवलेलं. ठेवायला जुन्या साडीची शिवलेली थैली. त्यातून निघणारा फोटो सात मेगापिक्सेलचा, म्हणजे आजच्या अगदी साध्या फोनच्या फोटोपेक्षाही लहान.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या एकतीस वर्षं एक्स-रे काढायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, चिंचपोकळीला चाळीतल्या एका खोलीत एकट्याच राहायच्या. या पलीकडे स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. पण त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावली होती. समोरच्या माणसाच्या कपड्यांकडे, चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नसे. त्या थेट हाडं बघायच्या. करंदीकर सरांना दुसऱ्याच भेटीत म्हणाल्या, "सर, मान पुढे येतेय. उशी पातळ घ्या." आणि मला, भर सभेत, "अविनाश, तुझा उजवा खांदा खाली आलाय. पिशवी बदल खांद्यावरची." त्या पिशवीत माझे दोन कॅमेरे आणि तीन लेन्स असायच्या. सगळे हसले. मी पिशवी तशीच उजव्या खांद्यावर ठेवली. वर्षभरानं खांदा धरला तेव्हा डॉक्टरांनी तेच सांगितलं. पण ते मी मंडळात बोललो नाही.

फोटो काढताना त्या कुणाला कधी "हसा" म्हणाल्या नाहीत. माणसाला उभं करायच्या, हलकेच हनुवटी धरून वळवायच्या, दोन पावलं मागे जायच्या आणि सवयीनं म्हणायच्या, "श्वास घ्या. धरा. सोडा." खटका दाबायच्या तो मात्र "सोडा" म्हटल्यानंतर. मी एकदा विचारलं, "धरल्यावर माणूस स्थिर असतो ना? मग तेव्हा का नाही काढत?"

"धरलेला श्वास एक्स-रेसाठी. सोडला की माणूस घरी जातो."

मी याच्यावर हसलो होतो. मग गुपचूप घरी पुतण्यावर करून पाहिलं. जमलं नाही. तो म्हणाला, "काका, मला डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय."

आणखी एक. एका माणसाचे दोनापेक्षा जास्त फोटो त्या काढत नसत. "तिकडे एकदा चुकलं की पुन्हा किरण सोडायला लागतात माणसावर. म्हणून आधी बघायचं, पोटभर बघायचं, मग एकदा काढायचा." माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. हे मी तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी कौतुकानं मान हलवली आणि विचारलं, "मग ते वीस बघायला वेळ कधी मिळतो तुला?"

एकदा तर मला माझ्याच तोंडानं त्यांचा मान वाढवावा लागला. बातमी अशी होती की हल्लीची कॉलेजातली मुलं नवे कॅमेरे सोडून जुने, लहान डिजिटल कॅमेरे शोधत फिरतात. त्यांना ते धुरकट, भडक रंग आवडतात. हे वाचतानाच मला पुढचं दिसलं होतं. पण बातमी ती बातमी. मी सांगितली, आणि पंचवीस माना एकदम शेवटच्या बाकाकडे वळल्या. नलूताईंनी थैलीची नाडी घट्ट ओढली. "अगो बाई! म्हणजे आता जपायला हवा. चोरीला जायचा."

इथवर मी चिडत होतो, एवढंच. हेवा सुरू झाला तो मिरचीच्या दिवसांत.

उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची रीघ लागते. डंकाच्या यंत्रावर मिरची कुटली जाते तेव्हा तिचा खकाणा रस्त्यापर्यंत येतो. आम्ही मंडळाचे दहा-बारा जण सकाळीच तिथे फोटो काढायला गेलो. सगळे खोकत, शिंकत, डोळे पुसत फोटो काढत होते. मी लेन्स बदलली आणि ती लाल पूड उघड्या कॅमेऱ्यात गेली. पुढचे दोन तास प्रत्येक फोटोत आभाळावर ठिपके. नलूताई एका डंकाशेजारी पोत्यावर बसून होत्या. तिथे कुटायचं काम करणाऱ्या एका बाईंशी गप्पा चालल्या होत्या. कॅमेरा थैलीत. तासाभरानं मी बघितलं, तरी थैलीत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी सगळ्यांचे फोटो पडद्यावर आले. मिरच्यांचे ढीग, हळदीचे ढीग, ढिगांमागे धूसर माणसं. माझेही ढीगच, ठिपके काढून टाकलेले, रंग चढवलेले, देखणे ढीग. मग नलूताईंचा एकच फोटो आला.

त्या बाईंनी चहा प्यायला तोंडावर बांधलेलं फडकं नुकतंच खाली ओढलं होतं. कपाळ, भुवया, पापण्या लालबुंद, मिरचीच्या पुडीनं माखलेल्या. आणि नाकाखालचा चेहरा स्वच्छ, सावळा, आत्ताच धुतल्यासारखा. डोळे मिटलेले होते. चहाचा पहिला घोट घेतला होता त्यांनी.

करंदीकर सर उठून पडद्यापाशी गेले आणि परत येऊन बसले. कुणीतरी विचारलं, "कोण आहेत या?"

"इंदूबाई," नलूताई म्हणाल्या. "पाटणच्या. सकाळपासून चहा मिळाला नव्हता तिला."

मी त्या बाईंपासून चार फुटांवर उभा होतो. माझ्याकडे त्यांचेही फोटो होते, नंतर मी शोधून काढले, एकेचाळीस निघाले. पापणीचा केस न् केस मोजता येईल असे स्वच्छ. त्यात एक फडकं बांधलेली बाई होती. इंदूबाई त्यात नव्हत्या.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मीनलला मी पित्त झालंय असं सांगितलं.

डिसेंबरात मंडळाचं वार्षिक प्रदर्शन असतं. निवड समितीत आम्ही तिघे होतो: करंदीकर सर, लग्नाचे फोटो काढणारा नीलेश नावाचा एक तरुण, आणि मी. इंदूबाईंचा फोटो समोर आला तेव्हा सर म्हणाले, "यावर चर्चा नकोच. दर्शनी भिंतीवर."

मी म्हणालो, "एक अडचण आहे, सर. नियम."

प्रदर्शनाचे नियम मीच दोन वर्षांपूर्वी लिहिले होते. इकडून तिकडून आलेले फोटो लोक पाठवायला लागले, म्हणून त्यात एक अट घातली होती: दहा मेगापिक्सेलपेक्षा लहान फोटो स्वीकारला जाणार नाही. ती अट कुणाच्या लक्षातही नव्हती. माझ्या होती. मी फाइल उघडून आकडा दाखवला.

नीलेश म्हणाला, "जाऊ द्या ना दादा, कोण बघतंय?"

"आज एकाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडायला लागेल," मी म्हणालो. हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नियम आहे खरा." दर्शनी भिंतीवर माझा फोटो लागला. लोअर परळच्या एका गिरणीची उरलेली चिमणी, आणि शेजारच्या काचेच्या टॉवरमध्ये पडलेलं तिचं प्रतिबिंब. पहाटे तिपाई लावून काढलेला.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराशी टेबलावर बसलो होतो. एक बाई आत आल्या. ठेवणीतली हिरवी साडी, केसात अबोलीचा गजरा, पायातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. त्यांनी सगळ्या भिंती सावकाश पाहिल्या. मिरचीच्या ढिगांपुढे थांबून स्वतःशीच म्हणाल्या, "ह्यो आमचाच ढीग." मग माझ्यापाशी आल्या.

"सायेब, माजा फोटू कुठं लावलाय?"

मला ओळखायला वेळ लागला. चेहऱ्यावर मिरची नव्हती ना.

"नलूताई म्हनल्या, परदर्शनाला देनारे म्हनून. अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेय."

"जागा कमी पडली हो," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. माझ्या चिमणीच्या दोन्ही बाजूंना हातहातभर भिंत मोकळी होती. फोटो उठून दिसावा म्हणून मीच सोडायला लावली होती.

त्याच वेळी नलूताई जिना चढून आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं. मी मान खाली घातली. आता त्या काय बोलतात याची वाट पाहत राहिलो.

"होय गं इंदू," त्या म्हणाल्या. "जागाच नव्हती. मला कालच कळलं. तुला निरोप द्यायला हवा होता, चुकलं माझं." आणि पिशवीतून एक पाकीट काढून त्यांनी इंदूबाईंच्या हातात दिलं. त्यात तोच फोटो होता, पोस्टकार्डाएवढा. इंदूबाई खिडकीशी जाऊन तो बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मी अशी दिसती व्हय?" आणि पदराला हात पुसून तो परत पाकिटात ठेवला.

त्या गेल्यावर नलूताई प्रदर्शन बघायला लागल्या. हात पाठीमागे बांधून, प्रत्येक फोटोपुढे वाकून, दिव्याच्या पेटीवर फिल्म बघावी तशा. माझ्या चिमणीपुढे बराच वेळ थांबल्या.

"छान आलाय. सगळं दिसतंय अगदी."

मी टेबलावरची अभिप्रायाची वही सरळ केली.

"या फोटोत घरी कुणी नाहीये का पण?"

मग टेबलाशी येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नियम मी वाचले होते रे, अविनाश. दहा म्हणजे सातापेक्षा जास्त, एवढं कळतं मला. तरी दिला. म्हटलं, बघू या कोण मोजतो ते."

आणि खाली जाऊन माझ्यासाठी चहा पाठवून दिला.

त्यानंतर त्यांनी मंडळात यायचं थांबवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्या पुढच्या रविवारी आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि माझी दहा मिनिटं लक्ष देऊन ऐकली.

फेब्रुवारीत माझी आई न्हाणीघरात पडली. मी दोन रविवार गेलो नाही, तेव्हा नलूताई पत्ता विचारत आमच्या घरी आल्या. आईचा एक्स-रे कपाटावर होता. तो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी पाहिला. "मोडलेलं नाही काही. ही चीर जुनी आहे, लहानपणची. झाडावरून पडला होतात काय हो?"

आई उडालीच. आंब्यावरून पडल्याचं तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आईला लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता. बाकी सगळं सुधारलं, पण ओठाची डावी बाजू खाली ओढलेली राहिली. तेव्हापासून ती कुणाला फोटो काढू द्यायची नाही. मी कॅमेरा उचलला की पदर तोंडावर घ्यायची. घरात एवढे कॅमेरे, आणि आईचा दोन वर्षांतला एक फोटो नाही.

मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो. बाहेर दोघींचं मालवणी सुरू झालं होतं.

"तुमचो गाव खंयचो?" नलूताईंनी विचारलं.

"आचरा."

"मगे तुम्ही आमचीच! माजा माहेर थंयच."

थोड्या वेळानं आई म्हणताना ऐकू आलं, "नको गो बाय, तोंड वाकडा झालाहा माजा."

"माजो घोव जलमभर वाकड्या तोंडान जेवलो. तेका खंय लकवो झाललो?" नलूताईंनी नवऱ्याला मध्ये ओढलं.

आई हसली. अशी हसली की मी गॅस बंद करून बाहेर आलो. पण तोवर कॅमेरा थैलीत गेला होता, आणि आई पदरानं डोळे पुसत होती.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या एवढ्याशा पडद्यावर मी तो फोटो पाहिला. खिडकीतला उजेड, आईचं मागे टेकलेलं डोकं, वाकडं तोंड पूर्ण उघडं, समोरचे दोन दात पडलेले. आपण कशा दिसतो याची त्या क्षणी तिला जराही फिकीर नव्हती. मी लहान असताना ती गच्चीवर शेजारणींबरोबर अशी हसायची. माझ्याबरोबर कधी हसली होती ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी आईला त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी बसवलं. सगळ्यात चांगली लेन्स लावली. गावच्या गोष्टी काढल्या. अगदी वाकड्या तोंडाचा विनोदसुद्धा करून पाहिला. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. "पुरे रे. किती ती टकटक." कॅमेऱ्यानं तिचा डोळा अचूक शोधला होता. डोळ्यात माझं प्रतिबिंबही दिसत होतं, हातात एवढा मोठा कॅमेरा धरलेला माणूस.

इंदूबाई परक्या होत्या. तो हेवा मी कलेच्या नावावर खपवला असता. हा कशाच्या नावावर खपवणार? नलूताई गेल्यावर आई दोनदा म्हणाली, "ती पुन्ना कधी येतली?"

त्या दर पंधरवड्याला यायला लागल्या. मी त्या वेळी घराबाहेर काम काढायचो.

ऑक्टोबरात आई झोपेत गेली. तेराव्याला लावायला फोटो हवा होता. मीनल माझ्याकडे बघत होती. मी नलूताईंना फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या. कॅमेऱ्यातून कार्ड काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "तूच काढून घे तुला हवा तो. मी बसते हिच्यापाशी." आणि मीनलजवळ जाऊन बसल्या.

आतल्या खोलीत मी कार्ड संगणकाला लावलं. दीड वर्षाचे मिळून साठ-सत्तर फोटो असतील. आईचा सापडला. आणि त्याच्या आधी, बरेच आधी, एक माझा होता.

मिरचीच्या रविवारचा होता तो. हॉलमध्ये अंधार, पडद्याचा लालसर उजेड माझ्या तोंडावर. मी इंदूबाईंकडे बघत होतो. त्या दिवशी माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं; म्हणून चेहराही तसाच असणार, अशी माझी समजूत होती. तसा नव्हता तो. तोंड थोडं उघडं, मान पुढे काढलेली. जत्रेत मिठाईच्या दुकानापुढे उभ्या राहिलेल्या पोरासारखा दिसत होतो मी. नलूताईंनी मला त्या क्षणी पाहिलं होतं, आणि मग नियमावर बोट ठेवणारा माणूस तोच आहे हे माहीत असूनही चहा पाठवला होता.

मी फक्त आईचा फोटो उतरवून घेतला. माझा मागायचं धैर्य झालं नाही. आता तो कुठे असेल, कोण जाणे.

दादरला फ्रेम करणाऱ्या दुकानदारानं फाइल पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "सातच मेगापिक्सेल आहेत, साहेब. मोठा केला तर फाटेल, नुसते चौकोन दिसतील. दुसरा नाही का?"

"नाही," मी म्हणालो. "हाच. मोठ्यात मोठा करा."

फाटला नाही. भिंतीवर आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "तुम्हीच काढलाय ना?" पहिल्या खेपेला मी नुसती मान डोलावली. मीनल आतून ऐकत होती. दुसऱ्या खेपेपासून खरं नाव सांगायला लागलो, पण ते सांगताना अजूनही मी नजर दुसरीकडे वळवतो. लोकांना वाटतं, आईच्या आठवणीनं.

पुढच्या वर्षी नलूताईंची चाळ पुनर्विकासाला गेली आणि त्या आचऱ्याला माहेरच्या घरी राहायला गेल्या. शिमग्याच्या सुमारास तिथेच वारल्या. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली. मी सगळ्यांसारखेच जोडलेले हात टाकले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या गावी जायच्या आधी आठवडाभर. लोअर परळला, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी. काचेच्या एका टॉवरसमोर चार तरुण मुली गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं घालून उभ्या होत्या. त्यातल्या एकीचा नोकरीचा शेवटचा दिवस असावा, हातात फुलं होती. शेजारून जाणाऱ्या बाईंना त्यांनी फोन दिला, "आंटी, एक फोटो प्लीज." त्या बाई नलूताई होत्या.

मी पानाच्या टपरीआड उभा राहून बघत होतो. नलूताईंनी चौघींच्या बॅगा खाली ठेवायला लावल्या. फुलंवालीला मधून काढून कडेला उभं केलं. तिला काहीतरी विचारलं. ती बोलायला लागली, बाकीच्या तिघी तिच्याकडे वळल्या. नलूताई फोन खाली धरून नुसत्या ऐकत होत्या. मग फोन वर केला, एकदा, आणि लगेच परत दिला. कसा आलाय ते बघायलाही थांबल्या नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या भाजीवालीकडे गेल्या.

मुली फोनवर वाकल्या. हसणं थांबलं. फुलंवालीनं फोन स्वतःकडे ओढून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि तिचे डोळे भरले. तिनं इकडेतिकडे पाहिलं. जवळ मीच होतो, गळ्यात कॅमेरा अडकवलेला.

"अंकल, आत्ता फोटो काढला त्या आंटी कोण होत्या? ओळखता तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो, ते विचारू नका. तोंडातून गेलं.

ती मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"पण त्या तुम्हालाच हात करतायत."

मी वळलो. समोरच्या फुटपाथवर, हातात अळूची जुडी घेऊन, नलूताई उभ्या होत्या आणि दुसरा हात उंच करून मला हाक मारत होत्या. गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तोंड तेवढं हलताना दिसत होतं: अविनाश, अविनाश.

मी हात वर केला.